यात्रेची गाडी : आवड आणि निगा

मार्गशीर्षाची पौर्णिमा दहा-पंधरा दिवसांवर आली, की बेळगावच्या आसपासच्या शेतकरी वस्तीत आणि निपाणी-चिकोडीकडील खेड्यांत दारापुढची बैलगाडी घरातील सर्वांच्या बोलण्याचा विषय होते. एरवी शेणखत, कडबा नि ऊस वाहणाऱ्या या गाडीला आता देवीच्या यात्रेला जायचे असते. सौंदत्तीच्या डोंगरावरील रेणुका यल्लम्माच्या दर्शनाला मार्गशीर्ष आणि माघ या दोन पौर्णिमांना मोठी गर्दी होते. माघातच रायबागकडील चिंचणी येथे मायाक्काची यात्रा भरते आणि तिला कोल्हापूर-सांगलीकडूनही माणसे येतात. यात्रेकरूंपैकी बहुतेक जण आज सरकारी बसने, जीपने किंवा ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून जातात. तथापि गाडी जुंपून, वाटेत मुक्काम करीत देवीला जाणारी घरे या सीमाभागात अजून आहेत. अशा घरांना गाडी हे केवळ वाहन नव्हे. त्या आठ-दहा दिवसांपुरते ते त्यांचे घर असते. तिच्यात अंथरूण-पांघरूण असते, पिठाचा डबा असतो, आजीची औषधे असतात आणि नैवेद्याची भांडीही असतात.

चाकांवर घर मांडून हिंडण्याची हौस जगात इतरत्रही आहे. इंग्लंडात 1885 साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या आरमारातील एका निवृत्त डॉक्टराने ब्रिस्टलच्या कारखान्यात केवळ सहलीसाठी ‘वाँडरर’ नावाची घरगाडी बांधून घेतली. ती घोडे ओढीत असत. पुढे घोड्याच्या जागी इंजिन आले आणि युरोप-अमेरिकेत मोटारीच्या फिरत्या घरांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. महाराष्ट्र शासनानेही 2021 साली अशा फिरत्या घरांच्या पर्यटनासाठी धोरण जाहीर केले. मात्र मोटारीच्या घरात आणि यात्रेच्या गाडीत एक मूलभूत फरक आहे. मोटार बिघडली तर दुरुस्त करता येते, आणि रात्रभर उभी ठेवली तरी तिला तहान लागत नाही. यात्रेच्या गाडीपुढे जे जुंपलेले असते ते जिवंत असते. ते थकते, घाबरते, आजारी पडते, आणि तोंडाने काही सांगू शकत नाही.

यात्रेच्या गाडीसंबंधीचा सारा विचार या एका गोष्टीतून निघतो. गाडीची तयारी करताना घराघरांतून जे वाद होतात, त्यांची दोन भागांत वाटणी करता येईल. काही प्रश्न निव्वळ आवडीचे असतात, तर काही निगेचे असतात. आवडीच्या प्रश्नांत प्रत्येक घराने आपल्या मनाप्रमाणे करावे, त्यात कोणाचे काही बिघडत नाही. निगेच्या प्रश्नांत मात्र हौसेला, घाईला किंवा प्रतिष्ठेला जागा नाही. पुष्कळदा गोंधळ होतो तो या दोहोंची सरमिसळ झाल्यामुळे.

पहिला वाद चाकांचा. जुन्या माणसांना लाकडी चाकाची, लोखंडी धावेची गाडी प्रिय असते. काळ्या रानातील वाटेवर ती डगमगत नाही, काट्याकुट्यांची तिला भीती नाही, आणि तिचा खडखडाट कानांना सवयीचा असतो. तरुणांना टायरची गाडी बरी वाटते. डांबरी रस्त्यावर ती हलकी चालते, हादरे कमी देते आणि बैलांची ओढ पुष्कळ वाचवते. ऊस वाहतुकीमुळे या भागात टायरगाड्या सर्वत्र झाल्या आहेत. सारा मार्ग डांबरी असेल तर बैलांच्या दृष्टीने टायरगाडीच सोयीची, हे मान्य केले पाहिजे. पण घरात लाकडी चाकांची चांगली गाडी असेल आणि तिच्यातूनच जाण्याचा वडिलांचा आग्रह असेल, तर तो आवडीचा प्रश्न म्हणून सोडून द्यावा. निगेचा प्रश्न असा, की जी कोणती चाके असतील ती नीट आहेत की नाहीत?

लाकडी चाकाचा मुख्य शत्रू म्हणजे कोरडी हवा. महिनोन्‌महिने उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचे लाकूड आटते. तुंबा आणि आरे यांचे सांधे सैल होतात, धाव ढिली पडते, आणि चालताना चाक कुरकुरू लागते. धाव बसविण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना याचे कारण सहज कळेल. लोहार धाव गोवऱ्यांच्या आगीत तापवतो, ती फुगते, तशीच चाकावर चढवितात आणि लगेच पाणी ओततात. निवताना लोखंड आकसते आणि सारे चाक आवळून धरते. लाकूड आटले की ही पकड सुटते. म्हणून निघण्यापूर्वी चार-आठ दिवस गाडी रिकामी चालवून पाहावी. ढिलाई थोडी असेल तर चाके रात्रभर पाण्यात ठेवावीत किंवा ओली पोती गुंडाळावीत, लाकूड पुन्हा फुगते. हा उपाय मात्र तात्पुरता आहे. आरा हलत असेल किंवा धाव हाताने सरकत असेल, तर लोहार-सुतारांकडे गेल्यावाचून गत्यंतर नाही. हे कारागीर पूर्वीप्रमाणे प्रत्येक गावी मिळत नाहीत, हे ध्यानात घेऊन त्यांच्याकडे वेळेवर जावे.

आखाला वंगण घालण्याचे काम रोज सकाळी जुंपण्यापूर्वी करावयाचे. कुणी काढून चाक थोडे बाहेर ओढावे, जुने काळे वंगण पुसून काढावे आणि मग नवे घालावे. एरंडेलात राख किंवा काजळी कालवून केलेले वंगण कोणी पसंत करतात, तर कोणी बाजारचे ग्रीस वापरतात. हीदेखील आवडच. जुन्या वंगणात मिसळलेली वाळू मात्र काढलीच पाहिजे, कारण ती आख खाते. जादा कुणी, हातोडी, दोन-तीन लाकडी पाचरी आणि बळकट दोर हे सामान गाडीत हाताशी असावे.

टायरगाडीची निगा निराळी. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. दुपारी तापलेल्या टायरमधील हवा पाहून फसगत होते. दोन्ही चाकांतील हवा सारखी असावी, नाही तर गाडी एका अंगाला ओढते आणि त्या बाजूच्या बैलाचा खांदा उगाच भरडला जातो. जादा ट्यूब, पंप, जॅक आणि पंक्चरचे सामान बरोबर घ्यावे. गाडी कोणतीही असो, वाटेत प्रत्येक थांब्यावर चाकाच्या तुंब्याला हाताची मागची बाजू लावून पाहावी. एक तुंबा कोमट आणि दुसरा चटका देणारा असेल, तर तेथे वंगण संपले आहे किंवा बेअरिंग खराब झाले आहे असे समजावे. एवढ्या साध्या तपासणीने माळरानावर रात्र काढण्याची पाळी टळते.

दुसरा प्रश्न सामान भरण्याचा. दोन चाकांची गाडी ही एका अर्थी तराजूच आहे. ओझे पुढे फार झाले तर जू बैलांच्या मानेवर दडपण आणते. ते मागे फार झाले तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि सापतीने बैलांचा गळा आवळला जातो. म्हणून जड वस्तू, म्हणजे धान्याची पोती, पाण्याचे कॅन आणि पेंड, बरोबर आखावर ठेवावी आणि अंथरुणे नि कपडे मागेपुढे करावेत. भरल्यावर एका माणसाने जू उचलून पाहावे. ते किंचित पुढे झुकलेले पण एकट्याला सहज उचलण्यासारखे असले, म्हणजे तराजू साधला. माणसे चढली-उतरली की हा तोल बदलतो, हे मुलांनाही शिकवून ठेवावे. मागच्या फळीवर चार मुलांनी पाय सोडून बसणे दिसायला मौजेचे असले, तरी त्याचा त्रास पुढे बैलांच्या गळ्याला होतो.

चढावर धडधाकट माणसांनी खाली उतरून चालावे, ही जुनी शिस्त आहे. निपाणीहून संकेश्वराकडे येताना स्तवनिधीजवळचा तवंदीचा घाट लागतो. अशा ठिकाणी चढावर माणसे उतरली आणि उतारावर दोघा-तिघांनी मागे दोर बांधून गाडी ओढून धरली, तर बैलांना गाडीचा रेटा मानेवर सोसावा लागत नाही.

गाडीवरच्या छपराविषयी दोन तट आहेत. बांबूच्या कमानीवर तट्टे टाकून केलेले छप्पर थोडे जड असते, पण त्यातून हवा खेळते आणि दुपारी आत सावली मिळते. ताडपत्री हलकी, स्वस्त, दवापासून उत्तम रक्षण करणारी. परंतु उन्हात तिच्याखाली गुदमरते आणि सौंदत्तीकडील मोकळ्या माळावर वारा सुटला, की ती शिडासारखी फुगते. अनुभवी घरे मधला मार्ग काढतात. आत तट्टे, वर गुंडाळून ठेवलेली ताडपत्री, रात्री ती सोडायची आणि दिवसा आवरायची. झोपण्याच्या बाबतीतही तसेच. वृद्ध स्त्रिया आणि लहान मुले गाडीत, तर पुरुष गाडीखाली, ही सामान्य वहिवाट. गाडीखाली झोपणाऱ्यांनी जुवाखाली पक्का टेका दिला आहे आणि दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावले आहेत, एवढे पाहिल्यावाचून अंथरूण टाकू नये.

यात्रेच्या शिदोरीवर बोलावे तितके थोडेच. या सीमाभागातील कडक भाकरी ही प्रवासासाठीच जन्मली असावी असे वाटते. तव्यावर पूर्ण वाळेपर्यंत भाजल्याने तिच्यात ओलावा राहत नाही, म्हणून ती कित्येक दिवस टिकते. सोबत शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, दही मिळाले तर दही, एवढ्यावर दिवसाची दोन जेवणे होतात. पहिल्या दिवसासाठी दशम्या आणि धपाटी असतात. रोज संध्याकाळी ताजी आमटी हवीच, असे काही घरांचे म्हणणे असते, तर चूल पेटवायची ती केवळ चहाला आणि नैवेद्याला, असे काहींचे. दोन्ही बरोबर. तीन दगडांची चूल असो वा छोटी गॅसची शेगडी, ती गाडीपासून दूर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला असावी. गाडीत वाळलेला कडबा भरलेला असतो, याचा विसर पडता कामा नये. त्याच कारणाने गॅसची टाकी चाऱ्याच्या पोत्यांत खुपसून ठेवू नये. आणि ज्या झाडावर आग्या मोहोळ आहे, त्याखाली धूर करणे म्हणजे संकटाला निमंत्रण देणेच होय.

आता गाडीच्या खऱ्या धन्यांकडे, म्हणजे बैलांकडे वळले पाहिजे. येथेही आवडीला थोडी जागा आहे. कोणाला खिलारी जोडी लागते. ती चपळ, पांढरीशुभ्र, शिंगांची ऐट मिरवणारी, पण थोडी तापट. कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीत वाढलेला कृष्णाकाठचा जड बैल चालीला मंद, पण ओढीला भक्कम. कोणतीही जोडी घ्यावी, पण ती एकमेकांच्या सवयीची असावी आणि जो ज्या अंगाला चालतो त्याला त्याच अंगाला जुंपावे. यात्रेसाठी म्हणून आदल्या दिवशी उसना आणलेला बैल घरच्या बैलाशी पाऊल जुळवीत नाही. मग दोघेही दमतात.

निघण्यापूर्वी आठवडाभर आधी पत्री मारून घ्यावी. बैलाचा खूर दुभंगलेला असल्याने एका बैलाला आठ पत्र्या लागतात. अगदी आदल्या दिवशी मारलेली पत्री एखादे वेळी खिळा खोल गेल्याने टोचते आणि लंगडणे वाटेत सुरू होते, म्हणून मध्ये काही दिवस हवेत. लाळ-खुरकूत आणि लंपी यांच्या लसी वेळेवर टोचून घेतल्या आहेत ना, हे पाहावे. 2022 साली लंपी त्वचारोगाने दोन्ही राज्यांत गुरांचे किती हाल केले, हे शेतकरी विसरलेला नाही. यात्रेत शेकडो ठिकाणची गुरे एका माळावर येतात. म्हणून आपल्या बैलांची बादली आपलीच असावी आणि सार्वजनिक कुंडात तोंड घालू देणे टाळावे.

चाऱ्याचा हिशेब कागदावर करावा. चांगल्या बैलाला दिवसाला आठ-दहा किलो सुका चारा लागतो. म्हणजे जोडीला चार दिवसांत पाऊण क्विंटलच्या आसपास. तो सगळा पेंढ्यांच्या रूपाने नेला तर गाडीत माणसांना जागा उरत नाही. कडब्याची कुट्टी करून पोत्यांत भरली तर जागा वाचते आणि नासाडीही होत नाही. पाणी दिवसाला तीस-चाळीस लिटर एका बैलाला लागते. म्हणून मुक्कामाची जागा ठरविताना आधी पाणी पाहावे, मग सावली, मग देऊळ किंवा दुकान. घरचा चारा एकदम बंद करून वाटेतील उसाचे वाढे किंवा कोवळा हिरवा चारा पोटभर घालू नये, पोट फुगते. यात्रेच्या दिवशी प्रेमापोटी बैलाला पुरणपोळ्यांची चळत खाऊ घालणारे लोक आहेत. एक घास मानाचा द्यावा, पण मानाच्या घासाने बैल आजारी पडता कामा नये.

यानंतर सर्वांत महत्त्वाचा प्रश्न उरतो, तो चालीचा. बेळगावहून सांबरा, मारीहाळ, नेसर्गी, यरगट्टी या मार्गाने सौंदत्ती सुमारे 80 किलोमीटर आहे. भरलेली बैलगाडी तासाला तीन-चार किलोमीटर चालते. दिवसाचे सहा-सात तास चालायचे म्हटले, तर वीस-पंचवीस किलोमीटरच्या पुढे जाणे होत नाही. म्हणजे हा रस्ता चार दिवसांचा आहे. निपाणीकडून संकेश्वर, हुक्केरी, गोकाक करीत येणाऱ्यांना याहून दोन दिवस अधिक धरावे लागतील. हा हिशेब ज्यांना मान्य नाही ते तो रस्ता दोन दिवसांत उरकतात. उरलेले दोन दिवस कोठून येतात? ते बैलांच्या अंगातून येतात.

या बाबतीत कायदाही मुका नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याखाली 1965 साली ओढकामाच्या जनावरांसाठी नियम झाले. त्यांनुसार जनावराकडून दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक काम घेता येत नाही. विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक जुंपता येत नाही. जेथे तपमान 37 अंशांच्या वर जाते तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात जुंपण्यास मनाई आहे. ही मर्यादा आहे, शिफारस नव्हे, हे लक्षात ठेवावे. शहाणा गाडीवान हिच्या पुष्कळ अलीकडे थांबतो. पहाटे उजाडता-उजाडता जुंपावे, साडेदहा-अकराला सावलीत सोडावे, चारनंतर पुन्हा जुंपून अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा.

चांदण्याचाही विचार करण्यासारखा आहे. पौर्णिमेला जाताना शुक्लपक्ष असतो. संध्याकाळी चंद्र असतो, पण पहाटेपूर्वी तो मावळतो आणि काळोख होतो. परतीला कृष्णपक्ष लागतो. तेव्हा रात्रीचा पहिला प्रहर अंधाराचा आणि पहाट चांदण्याची. म्हणून जाताना पहाटेची घाई करू नये आणि येताना संध्याकाळ लांबवू नये. पूर्वी आखाखाली टांगलेला कंदील पुरेसा होता. आजच्या हमरस्त्यावर मालमोटारी ज्या वेगाने येतात, त्यापुढे कंदिलाचा निभाव लागत नाही. गाडीच्या मागे, चाकांच्या कडांना आणि जुवाच्या टोकांना चमकणाऱ्या पट्ट्या लावाव्यात, मागे बॅटरीचा लाल दिवा असावा. शक्यतो रात्री हमरस्ता टाळावाच.

चिंचणीच्या वाटेवर आणि इतरत्रही एक नवी ईर्षा दिसू लागली आहे. दोन-तीन दिवसांचे अंतर न थांबता तोडायचे, दुसऱ्याच्या गाडीपुढे काढायचे आणि त्याचे चित्र मित्रांना दाखवायचे. बैलगाड्यांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली बंदी घातली होती. 2023 साली त्याच न्यायालयाने महाराष्ट्र, कर्नाटक नि तामिळनाडू यांचे सुधारित कायदे वैध ठरविले आणि शर्यतींचा मार्ग अटींसह मोकळा झाला. त्या निकालाविषयी कोणाचे काहीही मत असो, शर्यत ही नियमांच्या मैदानात थोड्या अंतराची असते. यात्रेचा डांबरी रस्ता हे शर्यतीचे मैदान नव्हे. तापलेल्या डांबरावर तासन्‌तास धाववलेला बैल प्रथम तोंड उघडून धापा टाकतो, मग फेस गाळतो, मग पाय ओढू लागतो, आणि शेवटी बसतो. बसलेला प्रत्येक बैल उठतोच असे नाही. देवीच्या नावाने निघालेल्या गाडीने वाटेत जीव घ्यावा, याला भक्ती कोणत्या तोंडाने म्हणावे?

मुक्कामावर पोहोचल्यावर कामांचा क्रम ठरलेला असावा. ज्याच्या शेतात उतरायचे त्याला आधी विचारावे. मग बैल सोडावेत. त्यांना थोडा वेळ दम घेऊ द्यावा, मग पाणी, मग अंग चोळणे, मग चारा. त्यानंतर माणसांचा चहा. बैलांच्या आधी चहा घ्यायचा नाही, हा नियम पाळणाऱ्या घरांत बैल सहसा आजारी पडत नाहीत, कारण त्या निमित्ताने रोज कोणाचे तरी लक्ष त्यांच्याकडे जातेच. खांद्यावर हात फिरवून गरम सूज आहे का, खुरांच्या फटीत खडा अडकला आहे का, हे पाहावे. रात्री झोपण्यापूर्वी कंदील घेऊन एक फेरी मारावी. बैल बसून शांतपणे रवंथ करीत असेल, तर सर्व ठीक आहे असे समजावे. चारा तसाच पडला आहे, रवंथ बंद आहे, मान खाली आहे, अशी लक्षणे दिसली, तर सकाळचा बेत त्याच क्षणी बदलावा.

आणि येथेच यात्रेकरू घराची खरी परीक्षा होते. तिसऱ्या दिवशी पहाटे एका बैलाचा खांदा सुजलेला आढळतो. पौर्णिमा उद्यावर आलेली असते. आजीचा नवस असतो, परडी त्याच दिवशी भरायची असते. शेजारच्या गाड्या जुंपून निघूनही गेलेल्या असतात. कोणी म्हणते, हळद-तेल लावून, फडके गुंडाळून जुंपू, उरले आहे किती? सुजलेल्या खांद्यावर जू ठेवले की कातडे फुटते आणि मग महिनाभर तो बैल शेताच्याही उपयोगी पडत नाही. अशा वेळी समंजस घर दोन भागांत वाटले जाते. आजी, सून आणि एक मुलगा रस्त्यावर येऊन बसने पुढे जातात आणि नवस वेळेवर फेडतात. बाकीचे बैलांपाशी थांबतात, गुरांच्या डॉक्टरला बोलावतात, आणि बैल सावरल्यावर एक-दोन दिवसांनी डोंगरावर पोहोचतात, नाही तर बैल टेम्पोत घालून परत फिरतात. यात्रा काही एका दिवसात संपत नाही. उशिरा आलेल्याला देवी दर्शन नाकारीत नाही. हा निर्णय अशा पहाटे, घाईत आणि भांडणात घेण्याऐवजी, घरातून निघण्यापूर्वीच सर्वांच्या संमतीने ठरवून ठेवावा, ही या साऱ्या सूचनांतील सर्वांत मोलाची सूचना होय. खिशात बसभाड्याचे पैसे बाजूला काढून ठेवले, की तो निर्णय सोपा होतो.

डोंगरावर पोहोचल्यानंतर माळावर गाड्यांचा तळ पडतो. गाड्या ओळीने लावून मध्ये वाट मोकळी ठेवावी, म्हणजे आग लागली किंवा बैल उधळला तर बाहेर पडता येते. बैल गाडीच्या सावलीच्या अंगाला बांधावेत आणि त्यांच्यापाशी सदैव एक ओळखीचे माणूस असावे. ढोल-हलगीच्या आवाजाने, भंडाऱ्याच्या उधळणीने नि अनोळखी गर्दीने ते बुजतात. निघताना चुलीचे दगड विझवून बाजूला सारावेत, प्लॅस्टिक नि उष्टे गोळा करून न्यावे. पुढच्या पौर्णिमेला त्याच जागी दुसऱ्या कोणाची गाडी सुटायची असते, आणि उकिरड्यातले प्लॅस्टिक गिळून मरणारे जनावर कोणाचे तरी असतेच.

परत आल्यावर गाडी तशीच अंगणात सोडून देण्याची चूक बहुतेकांकडून होते. आठवण ताजी आहे तोवरच तिची डागडुजी करावी. धुऊन वाळवावी, लाकडाला तेलाचा हात द्यावा, कोणता आरा वाजत होता, कोणती पाचर निसटली, छपरात कोठे दव गळत होते, हे लिहून ठेवावे आणि गाडी सावलीत, टेक्यावर उभी करावी. बैलांना चार-आठ दिवस पूर्ण विश्रांती द्यावी. उसाच्या हंगामातील बैल असेल तर हे सांगणे अधिकच अगत्याचे, कारण कारखान्याची फेरी त्याची वाटच पाहत असते.

पुष्कळ घरांत गाडी दाराशी आली, की घरची बाई तांब्या घेऊन बाहेर येते, आधी बैलांच्या पायांवर पाणी घालते, त्यांच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकते, आणि मगच माणसे उंबरठा ओलांडतात. त्या वेळी दोन्ही बैल स्वतःच्या पायांनी, लंगडता न येता, दावणीकडे वळले, म्हणजे यात्रा पावली असे समजायला हरकत नाही.